विश्लेषण : ‘सेव्ह’च न झालेली नोंद असते कुठे? ग्राफ डेटाबेसमध्ये एकच पत्ता दोनदा का दिसतो?

पनामातील ‘मोसाक फोन्सेका’ या विधि कंपनीतून फुटलेल्या कागदपत्रांच्या बातम्या ३ एप्रिल २०१६ रोजी जगभर एकाच वेळी झळकल्या. १ कोटी १५ लाख फायली, २.६ टेराबाइट डेटा आणि २ लाख १४ हजार कंपन्या व संस्था असा तो पसारा होता. कोणाचा कोणाशी संबंध, हे शोधण्यासाठी शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘नीओफोरजे’ हा ग्राफ डेटाबेस वापरला. अशा तपासात अनेकदा धागा सापडतो तो एखाद्या सामायिक पत्त्यामुळे. दोन कंपन्यांची नावे वेगळी, संचालक वेगळे, पण पत्ता एकच! समजा, हाच पत्ता डेटाबेसमध्ये दोनदा नोंदला गेला, तर? दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, असे संगणक बिनदिक्कत सांगेल. ही चूक बऱ्याचदा डेटाबेसमध्ये होत नाही. ती त्याआधीच, अ‍ॅपच्या मेमरीत होऊन गेलेली असते.

ग्राफ डेटाबेस वेगळा कसा?

नेहमीचा डेटाबेस तक्त्यांचा असतो. दोन तक्त्यांतील संबंध प्रश्न विचारल्यावर जुळवला जातो. ग्राफ डेटाबेसमध्ये व्यक्ती, कंपनी, पत्ता हे ‘नोड’ असतात आणि त्यांना जोडणारा दुवाही स्वतंत्रपणे साठवलेला असतो. त्यामुळे ‘या संचालकाच्या कंपनीच्या पत्त्यावर आणखी कोण आहे?’ असे साखळी प्रश्न तिथे सोपे होतात.

मग ‘मॅपिंग’ कशासाठी?

प्रोग्रामर जावासारख्या भाषेत ‘ऑब्जेक्ट’च्या रूपात विचार करतो, डेटाबेसला कळतात ते नोड. या दोघांमधील दुभाषी म्हणजे ‘ऑब्जेक्ट-ग्राफ मॅपिंग’. ‘नीओफोरजे-ओजीएम’ आणि ‘स्प्रिंग डेटा नीओफोरजे’ या त्यासाठीच्या लायब्ररी.

प्रोग्रामरने कोडमध्ये नवा पत्ता तयार केला, की तो फक्त रॅममध्ये जन्माला येतो. डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो! किराणा दुकानदार गर्दीच्या वेळी उधारी चिठोऱ्यावर लिहितो आणि रात्री खतावणीत उतरवतो, तसेच हे. चिठोरा उडाला, तर उधारी गेली. अ‍ॅप बंद पडले, तर सेव्ह न झालेला ऑब्जेक्टही गेला. पण हा धोका निदान सर्वांना माहीत असतो.

ओळखच नसलेला ऑब्जेक्ट

खरी गुंतागुंत ओळखीची आहे. सेव्ह झाल्यावर नोडला आयडी मिळतो, तोपर्यंत ते फील्ड रिकामे, म्हणजे ‘नल’ असते. आयडी डेटाबेसनेच द्यायचा असेल, तर लायब्ररीचा नियम सरळ आहे : आयडी नाही म्हणजे नवा नोड तयार करा, आयडी आहे म्हणजे जुना बदला. आता पहिल्या कंपनीचा अर्ज आला, पत्त्याचा ऑब्जेक्ट झाला. दुसऱ्या कंपनीचा अर्ज आला, त्याच पत्त्याचा आणखी एक ऑब्जेक्ट झाला. दोघांचाही आयडी नल. मजकूर तंतोतंत सारखा असला, तरी लायब्ररी तो ताडून पाहत नाही. दोन नोड तयार होतात.

याच्या नेमका उलटा घोळही होतो. दोन ऑब्जेक्ट सारखे की वेगळे, हे ठरवण्यासाठी अनेक प्रोग्रामर फक्त आयडीची तुलना करतात. सेव्ह होण्यापूर्वी सगळ्यांचेच आयडी नल, म्हणजे सगळेच ‘सारखे’! जावातील ‘सेट’ सारख्या वस्तू एकदाच ठेवतो. त्यात पाच वेगवेगळे पत्ते टाकले, तर उरतो एक. शिवाय सेव्ह झाल्यावर आयडी बदलतो, त्यावरून काढलेला हॅशही बदलतो आणि सेटमध्ये असलेला ऑब्जेक्ट सेटलाच सापडत नाही. यात कुठेही एरर येत नाही. ती आली असती तर बरे झाले असते.

सेव्ह एकाला, परिणाम किती जणांवर?

नीओफोरजे-ओजीएममध्ये कंपनी सेव्ह केली, की तिच्यापासून दुव्यांनी गाठता येणारे सगळे नवे ऑब्जेक्टही सेव्ह होतात. त्यासाठी खोलीची मर्यादा मुळात नसते, ती घालावी लागते. सोय आहे, पण चाचणीसाठी जोडलेला कचराही त्याच वाटेने आत जातो. दुवा फक्त समोरच्या ऑब्जेक्टमध्ये असेल, तर मात्र तो बाहेरच राहतो.

‘स्प्रिंग डेटा नीओफोरजे ६’मधील प्रकार अधिक धोक्याचा. स्वतः लिहिलेल्या क्वेरीने फक्त कंपनी आणली, पत्ते आणले नाहीत आणि तीच कंपनी पुन्हा सेव्ह केली, तर लायब्ररीला पत्त्यांची यादी रिकामी दिसते. मेमरीत जे आहे तेच खरे मानून ती डेटाबेसमधील दुवे पुसून टाकते. पत्त्याचे नोड राहतात, नाते जाते. ग्राफ डेटाबेस घेतला होता तो या नात्यांसाठीच.

उपाय काय?

डेटाबेसच्या अंतर्गत आयडीवर विसंबू नये. नीओफोरजेमध्ये नोड पुसल्यावर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळू शकतो. ऑब्जेक्ट तयार होतानाच ‘यूयूआयडी’ दिला, तर सेटचा घोळ मिटतो. मात्र दुहेरी नोंद टळत नाही, कारण दोन चिठोऱ्यांना दोन यूयूआयडी मिळतात. त्यासाठी व्यवहारातली ओळख लागते. भारतीय कंपनीला २१ अक्षरांकींचा नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘सीआयएन’ असतो. त्यावर डेटाबेसमध्येच ‘युनिक’ असल्याची अट घातली, की दुसरी नोंद अडते. नीओफोरजेच्या ‘सायफर’ भाषेतील ‘मर्ज’ हा आदेश आधी शोधतो आणि नसेल तरच नोड तयार करतो. पण ही अट नसताना दोन व्यवहार एकाच क्षणी आले, तर मर्जमधूनही दोन नोड होऊ शकतात.

पत्त्याला असा क्रमांकच नसतो. ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ आणि ‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ हे पोस्टमनला एकच वाटते, संगणकाला दोन. त्यामुळे पत्ता एका साच्यात बसवण्याचे काम ऑब्जेक्ट तयार होण्यापूर्वीच करावे लागते.

आधीच दुहेरी नोंदी झाल्या असतील, तर युनिकची अट लावायला नीओफोरजे नकार देतो. आधी दोन्ही नोडचे दुवे एकावर आणायचे, दुसरा पुसायचा आणि मगच अट लावायची.