हिवाळ्यातील रान आणि छायाचित्रकार

हिवाळी निसर्गातील वन्य प्राण्यांची छायाचित्रे म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बर्फ उभे राहते. आपल्या सह्याद्रीत बर्फ पडत नाही. पण येथील हिवाळ्यालाही त्याचे असे रूप आहे. ते पाहावयाचे असेल तर बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीस जावे. मलप्रभा उगम पावते ते हे गाव. पावसाळ्यात येथे पाऊस असा कोसळतो की समोरचे झाड दिसेनासे होते. मार्गशीर्ष-पौषात मात्र पहाटे दऱ्यांत धुके साचते, सड्यांवरील गवत पिवळे पडते आणि ओढ्यांचे पाणी हळूहळू डोहांपुरते उरते. गवे, सांबर, भेकर, अस्वल, शेकरू आणि धनेश यांचे हे रान. याच खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलास २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला.

अशा रानात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने प्रथम ठरवावे, की आपणांस नेमके कशाचे चित्र हवे आहे. गव्याचे नुसते तोंड चौकटभर घ्यावयाचे, तर ते प्राणिसंग्रहालयातही घेता येईल. तो कोणत्या गवतात चरतो, कोणत्या झाडीच्या कडेने चालतो, पाण्यासाठी कोठवर उतरतो, हे दिसले तरच ते रानातल्या गव्याचे चित्र. नेहमीच्या ३५ मिलिमीटर मापाच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ७ अंशांचाच टापू पाहते. ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४० अंशांचा. मोठ्या भिंगाने प्राणी जवळ आल्यासारखा वाटतो, पण त्याच्याभोवतीचे रान नाहीसे होते. लहान भिंगात प्राणी लहान दिसेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. अफाट सड्याच्या कडेला उभा असलेला एकटा गवा पाहणाऱ्याला त्या सड्याचा विस्तार सांगून जातो.

हिवाळ्यात सूर्यही छायाचित्रकारास साहाय्य करतो. डिसेंबरअखेर या भागात भर दुपारीदेखील तो क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर असतो. त्यामुळे सावल्या लांब पडतात आणि गवताचे पाते न् पाते उठून दिसते. धुक्यात मात्र सावध राहावे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक पांढऱ्या धुक्यालाही मध्यम करडे समजतो आणि चित्र काळवंडते. अशा वेळी मापकाने सांगितल्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा. उजळ गवतात उभा असलेला काळा गवा टिपतानाही थोडा अधिक प्रकाश दिला, तर त्याच्या अंगाचा घाट आणि पायांतले फिकट मोजे दिसतात. नाहीतर नुसता काळा गोळा उमटतो.

वाऱ्याकडे लक्ष ठेवणे तर त्याहूनही महत्त्वाचे. गव्याचे नाक फार तिखट असते. थंडीच्या रात्री डोंगरावरील गार हवा उतारावरून खाली सरकते. ऊन तापले की तीच हवा वर चढू लागते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या अंगाला बसावे आणि ऊन चढल्यावर वरच्या अंगाला. आपला वास त्याच्याकडे गेला नाही, तर ते आपले चरणे सोडत नाही. दचकून मान वर करून उभा राहिलेला प्राणी चित्रात रुबाबदार दिसतो खरा, परंतु ते चित्र त्याच्या जीवनाचे नसून आपल्या आगमनाचे असते.

याहून अधिक हानीही होऊ शकते. हिवाळा सरता सरता धनेशाची वीण सुरू होते. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. एक लहानशी फट तेवढी ठेवते आणि नराने आणलेल्या फळांवर जगते. झाडाखाली माणसे तासन्‌तास उभी राहिली तर नर ढोलीकडे येण्यास कचरतो, आणि आत मादी व पिले उपाशी राहतात. तेव्हा ढोलीच्या झाडाखाली ठाण मांडू नये. एफ्. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने उत्तर भारतातील जंगलांत वाटेवर तार लावून वाघांकडूनच त्यांची छायाचित्रे काढवून घेतली. तारेला वाघाचा पाय लागला की कॅमेरा उघडे. छायाचित्रकार तेथे नसेच. ती चित्रे १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज वाघांची मोजदाद होते ती अशाच स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने.

कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट उतरला की गोव्यातील सत्तरी तालुका लागतो. त्या तालुक्यात केरी येथे २००९ साली वाघ मारला गेल्याचे प्रकरण एका छायाचित्रामुळेच उजेडात आले. २०२० च्या जानेवारीत त्याच तालुक्यात गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेलेले आढळले. गुरे मारली गेल्याच्या रागातून हे घडल्याचे तपासात पुढे आले. वाघाला घाटाची सीमा ठाऊक नाही. वरचे रान आणि खालचे रान त्याला एकच आहे. अशा ठिकाणी छायाचित्र हा पुरावा ठरतो. वाघ येथे आहे, आणि हे त्याचे घर आहे, हे ते सांगते. मात्र तेच छायाचित्र शिकाऱ्यालाही वाट दाखवू शकते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रात स्थळाची नोंद आपोआप होऊ शकते, हे कित्येकांना ठाऊकही नसते. म्हणून चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी, आणि डोहाचे किंवा ढोलीचे नाव कोणासही सांगू नये.

अभयारण्यात जावयाचे तर वन खात्याची परवानगी घ्यावी, स्थानिक वाटाड्या बरोबर असावा आणि दोन-चार सकाळी रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी. त्या सकाळीही धुके उतरताना दिसेल, ओल्या मातीत खुरांचे ठसे सापडतील. त्या ठशांवरून जनावर कोठून येते आणि कोठे जाते हे कळू लागते, आणि चांगल्या छायाचित्राची खरी तयारी तेथेच होते.