घड्याळाच्या काचेवरचे ओरखडे

घड्याळाच्या काचेवर ओरखडे उठतात ते बहुतेक वेळा धुळीने. धूळ किती कठीण, हे तिथल्या खडकावर ठरते. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातले कपिलधार, मन्मथस्वामींच्या समाधीचे आणि धबधब्याचे ठिकाण, बालाघाटच्या डोंगरात आहे. इथला खडक बेसाल्ट, आणि धुळीत त्याचेच कण. त्यातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांची कठिणता मोहस् मापनावर 6 च्या आसपास भरते, बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या गारगोटीची 7. घड्याळाची साधी काच मात्र साडेपाचच्या जवळपास. म्हणून धुळीने माखलेली काच बाहीने पुसू नये. आधी फुंकर मारून कण उडवावेत, मग मऊ ओले फडके फिरवावे.

एचएमटी जनतासारख्या चावीच्या जुन्या घड्याळांची काच अ‍ॅक्रिलिकची असते. ती काचेहून खूपच मऊ, त्यामुळे लवकर ओरखडते. पण दुरुस्तही तितक्याच सहज होते, हा तिचा मोठा गुण. भोवतीच्या धातूवर चिकटपट्टी लावावी, कापसाच्या फडक्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने गोल गोल घासावे. ओरखड्याच्या कडा झिजतात, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश विखुरणे थांबते. नखाला लागणारा खोल चरा मात्र असा जात नाही.

खऱ्या काचेवर टूथपेस्टचा उपयोग नाही. तिला सेरियम ऑक्साइड लागते आणि चिकाटीही. त्यापेक्षा घड्याळजीकडून काच बदलून घेणे बहुधा स्वस्त पडते. नीलमकाचेची कठिणता 9. तिच्यावर दिसणारे ओरखडे पुष्कळदा वरच्या परावर्तनरोधक लेपावरचे असतात.