जोडधंदा, वरकमाई आणि हितविरोध

मुख्य उपजीविकेबाहेरच्या प्राप्तीला मराठीत निदान दोन नावे आहेत. शेतकऱ्याने दोन म्हशी पाळल्या, तर तो जोडधंदा. कचेरीतल्या कारकुनाच्या हाती पगाराखेरीज काही पडू लागले, की ती वरकमाई. पहिल्या शब्दात कष्टाचे कौतुक आहे, दुसऱ्यात संशयाची छटा. मिळकत दोन्हीकडे जादाचीच. मग बोलणारा हा भेद कशावरून करतो? रकमेवरून खचित नव्हे. जोडधंदा स्वतःच्या पायावर उभा असतो. वरकमाई नोकरीने दिलेल्या अधिकाराच्या खांद्यावर बसलेली असते. ज्याला आज ‘हितसंबंधांचा संघर्ष’ म्हणतात त्याचे मर्म हेच होय. (‘संघर्ष’ हा प्रतिशब्द मला समर्पक वाटत नाही. संघर्षाचा गलबला होतो. येथे दोन हिते एकाच माणसात निमूटपणे नांदतात आणि पुष्कळदा त्यालाही त्याची जाणीव नसते. म्हणून पुढे ‘हितविरोध’ हा शब्द योजला आहे.)

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या खाजगी व्यापाराचे आहे. रॉबर्ट क्लाईव्ह १७४४ मध्ये मद्रासला लेखनिक म्हणून आला तेव्हा त्याचे वेतन वर्षाला ५ पौंड होते. एवढ्यावर कोणी सातासमुद्रापलीकडे येत नसे. युरोपशी होणारा व्यापार कंपनीने स्वतःकडे राखला होता. आशियातील बंदराबंदरांतला व्यापार नोकरांनी आपल्या भांडवलावर करावा, याला तिची संमती होती. येथवर हा जोडधंदाच होता.

त्याचे रूप पालटले ते बंगालमध्ये. बादशहा फर्रुखसियर याच्या १७१७ च्या फर्मानाने कंपनीला वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यात जकातमाफी मिळाली होती. ज्या दस्तकाने ही माफी सिद्ध होई (हा शब्द परवान्याच्या अर्थाने मराठी कागदपत्रांतही आढळतो), ते दस्तक नोकर स्वतःच्या मिठाला, सुपारीला, तंबाखूला लावू लागले. देशी व्यापारी जकात भरीत, हे भरीत नसत. १७६२ च्या अखेरीस गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट याने नवाब मीर कासीम याच्याशी तडजोड केली, की खाजगी मालावर नोकरांनी शेकडा ९ जकात द्यावी. कलकत्त्याच्या कौन्सिलने ती बहुमताने फेटाळली. मत देणारे सभासद स्वतःच त्या व्यापारात होते. तेव्हा नवाबाने सर्वांचीच जकात माफ केली. आता देशी व्यापाऱ्यांकडून जकात घ्याच, असा कौन्सिलचा आग्रह! १७६३ चे युद्ध आणि १७६४ ची बक्सारची लढाई यांच्या कारणपरंपरेत हा वाद अग्रभागी आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की गुप्त असे काहीच नव्हते. कोण कशाचा व्यापार करतो हे सर्वांना ठाऊक होते. उणीव होती ती त्या सभेत बहुमत करू शकतील इतक्या निःसंग माणसांची.

पुढे १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने वरिष्ठांच्या खाजगी व्यापारास बंदी केली आणि कॉर्नवॉलिसने वेतने वाढविली. कलेक्टरला महिना १,५०० रुपये व वसुलीवर शेकडा १ दस्तुरी मिळू लागली. व्यापाराचे हित गेले, पण वसुलीचे हित आत आले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

आजच्या नियमांत तीन निरनिराळ्या चिंता एकत्र मिसळलेल्या दिसतात : श्रमाची, गुपिताची आणि निर्णयबुद्धीची. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील दुहेरी कामावरील बंदी कामाच्या तासांच्या प्रकरणात घातलेली होती. तिचा रोख कामगाराच्या श्रमाकडे होता. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांचेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे जाहीर झाले, तेथे प्रश्न गुपिताचा व निष्ठेचा. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शिक्षकाला खाजगी शिकवणीस मनाई केली, ती तिसऱ्या चिंतेतून समजते. शिकवणीची फी घेणारा हातच वर्गातले गुण मांडतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पंधराव्या नियमाने दुसऱ्या नोकरीस पूर्वसंमती आवश्यक ठरविली, परंतु प्रासंगिक वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय काम, कर्तव्यात बाध येत नसेल तर, मोकळे ठेवले. हा विवेक मला योग्य वाटतो.

आपल्या विभागापुरते पाहू. संशोधक विद्यार्थ्याने रात्री अनुवाद करून घरभाडे भागविले, तर श्रमाखेरीज प्रश्न उद्भवत नाही. उलट तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर राहणाऱ्याला त्याबद्दल जाब विचारणे अनुदार होईल. परंतु अनुदानातून बोलींची ध्वनिमुद्रणे जमविणारा अध्यापक त्याच बोलींची सामग्री विकत घेणाऱ्या कंपनीचा सशुल्क सल्लागार असेल, तर कोणते नमुने घ्यावेत, कोणते प्रसिद्ध करावेत आणि निवेदकांनी संमती नेमकी कशाला दिली, या प्रत्येक निर्णयात दुसरे हित शिरते. त्याने आपल्याच विद्यार्थ्याला त्या कंपनीत कामास लाविले, तर प्रबंध केव्हा पुरा झाला हे ठरविणारा आणि प्रबंध रेंगाळल्याने स्वस्तात काम मिळणारा एकच होतो. विद्यार्थी तक्रार करीत नाही, कारण शिफारसपत्रही तेथूनच यावयाचे असते. अशा वेळी विभागप्रमुखांना लेखी कळविले म्हणजे भागले, असे मानण्याची रीत आहे. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये तेवढे कळलेलेच होते. तेथे जे झाले नाही ते येथे करता येते : त्या विद्यार्थ्याची प्रगती तपासण्याचे काम त्या कंपनीशी संबंध नसलेल्या अध्यापकाकडे द्यावे, आणि ते सल्लागारीचा करार होण्यापूर्वी द्यावे.