ब्रेक लागल्यावर परतणारी वीज

घाटकोपर स्थानक जवळ येते, मोटरमन ब्रेक लावतो आणि इतका वेळ गाडी ओढणाऱ्या मोटारी जनित्र बनतात. गाडीच्या वेगातली ऊर्जा विजेच्या रूपाने छतावरच्या पेंटोग्राफमार्गे वरच्या तारेत चढते. जवळपास वेग घेणारी दुसरी लोकल ती वापरते. 2007 च्या अखेरीस सीमेन्सची विद्युतयंत्रणा असलेले रेक मुंबईत धावू लागले, तेव्हापासून ही सोय उपनगरी प्रवाशांच्या वाट्याला आली. त्यातून साधारण 30 टक्के वीज वाचते, हे अनेकदा छापून आले आहे. ही परतणारी वीज स्वच्छ ठेवण्यासाठी केवढी मेहनत पडते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

प्रश्न विजेच्या आकाराचा आहे. तारेत 25 किलोव्होल्ट दाबाची, 50 हर्ट्झची सलग लहर असते. मोटारींतून निघणारी वीज तशी नसते. तिची वारंवारिता चाकांच्या वेगाबरोबर उतरत जाते. मोटारी आणि तार यांच्या मधला कन्व्हर्टर सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून तुकड्यातुकड्यांनी 50 हर्ट्झची लहर घडवतो. या उघडझापीतून नको असलेल्या वारंवारितांचे प्रवाह, म्हणजे हार्मोनिक, जन्माला येतात. ते गाडी धावतानाही असतात. ब्रेकच्या वेळी विजेची दिशा उलटते आणि तारेवरचा दाबही चढतो, त्यामुळे ही अवस्था वेगळी तपासावी लागते.

आणि हे प्रवाह परतीच्या वाटेने ज्या रुळांतून वाहतात, त्याच रुळांवर सिग्नलची मदार असते.

ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून लहानसा प्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की चाके व आस तो प्रवाह मधल्यामध्ये वळवतात, रिले (त्या प्रवाहाने उचलला जाणारा विद्युत खटका) पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. परका प्रवाह नेमका त्याच वारंवारितेचा निघाला, तर गाडी उभी असूनही रिले उचललेला राहू शकतो. सगळी भीती याची आहे. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर; तिथे एसी ट्रॅक सर्किट निर्धोक होते. पश्चिम रेल्वे 2012 मध्ये, मध्य रेल्वेची मुख्य मार्गिका 2015 मध्ये आणि हार्बर मार्गिका 2016 मध्ये पूर्णपणे एसीवर गेली. गाड्याच 50 हर्ट्झवर धावणार म्हटल्यावर त्या वारंवारितेचे सर्किट वापरता येत नाही. दोन्ही प्रकारच्या विद्युतीकरणात चालणारे 83⅓ हर्ट्झचे सर्किट त्यासाठीच निवडले गेले: 50 च्या कोणत्याही पटीत हा आकडा बसत नाही.

श्राव्य वारंवारितेची सर्किटे आणखी वर, 1700 ते 2600 हर्ट्झच्या आसपास काम करतात. तिथे कन्व्हर्टरचे हार्मोनिक पोहोचतात, म्हणून भारतीय रेल्वेची मानके ठरवणाऱ्या आरडीएसओ या संस्थेने 1400 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात 400 मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. 4500 किलोवॅटचे मालगाडीचे इंजिन तारेतून सुमारे 180 अँपिअर घेते, हे लक्षात घेतले की ही अट किती कडक आहे ते कळते.

ती पाळण्याची सर्वांत देखणी युक्ती म्हणजे एका गाडीतल्या अनेक कन्व्हर्टरांची उघडझाप एकाच क्षणी होऊ न देणे. एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि बरेच हार्मोनिक आपसांतच मिटतात. उरलेल्यांसाठी फिल्टर असतो.

तरीही 1995 मध्ये झुरिकला कन्व्हर्टरवर चालणारी काही आधुनिक इंजिने एकाएकी बंद पडली. दोष एकट्या इंजिनाचा नव्हता. तारांचे जाळे आणि अनेक इंजिनांची नियंत्रणे यांची लय जुळली, आणि झोपाळ्याला वेळेवर झोके मिळावेत तसे हार्मोनिक वाढत गेले. पुढे युरोपात इंजिन किती हार्मोनिक सोडते एवढेच पाहून भागेना; जाळ्यातल्या हेलकाव्यांना ते दाबते की खतपाणी घालते, हेही तपासले जाऊ लागले.

एखादा कन्व्हर्टर बिघडून बाजूला पडला, तर उरलेल्यांची वेळेची वाटणी विस्कटते. म्हणून गाडीच्या हार्मोनिकच्या चाचण्यांत एक कन्व्हर्टर मुद्दाम बंद ठेवूनही पूर्ण ब्रेक लावतात आणि पुन्हा सगळी मापे घेतात.