तटस्थ कोणाच्या बाजूने?

टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात. प्रत्येकासमोर एक कागद. त्यावर त्याने कल्पिलेल्या पात्राचे बळ, बुद्धी, शस्त्रे यांची नोंद. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस पृष्ठांचा फासा टाकला जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या खेळाचे हे साधे रूप. त्या कागदावर आणखी एक रकाना असतो: ‘अलाइनमेंट’, म्हणजे पात्राचा नैतिक कल.

समजा, एका खेळाडूने त्या रकान्यात ‘न्यूट्रल’ असे लिहिले आहे. सूत्रधार सांगतो, शत्रूचा एक जखमी हेर तुमच्या हाती लागला आहे. त्याला मारायचे, सोडायचे की बरोबर न्यायचे? बाकीचे वाद घालतात. हा म्हणतो, “माझे पात्र तटस्थ आहे, त्याला काही म्हणायचे नाही.” खेळ तिथे अडतो, कारण नाटकात संवादच नसलेले पात्र रंगमंचाच्या मध्यभागी उभे राहावे तसे काहीतरी होते. तटस्थ पात्र खेळताच येत नाही, असा निष्कर्ष अनेक जण यावरून काढतात. माझ्या मते अडचण वेगळी आहे आणि ती समजण्यासाठी या एका शब्दाचा खेळाच्या नियमांतील प्रवास पाहावा लागतो.

हा शब्द मुळात युद्धखेळातून आला. १९७१ सालच्या ‘चेनमेल’ या छोट्या सैनिकांच्या लढायांच्या नियमावलीला एक अद्भुताची पुरवणी होती. तिच्यात प्राण्यांची व योद्ध्यांची तीन रकान्यांत विभागणी होती: सुव्यवस्था, तटस्थ, अराजक. तटस्थ कोणत्या सैन्यातून लढणार हे फासा टाकून ठरवता येई. म्हणजे येथे तटस्थतेला कोणताही विचार नव्हता. ती फक्त अजून न वाटलेली कुमक होती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या खेळात हेच तीन रकाने आले. त्यामागे दोन लेखकांची छाया होती. पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मध्ये सुव्यवस्था आणि अराजक यांचा सरळ संघर्ष आहे. मायकेल मूरकॉकच्या एल्रिकच्या कथांत मात्र दोन्ही टोके घातक ठरतात: निव्वळ सुव्यवस्थेत जग गोठते, निव्वळ अराजकात ते विरघळते आणि दोहोंच्या वर विश्वाचा तराजू असतो. तटस्थतेला तत्त्वज्ञान मिळाले ते या तराजूमुळे.

१९७६ साली गायगॅक्सने एका लेखात सुव्यवस्था-अराजक या अक्षाला चांगले-वाईट हा दुसरा अक्ष छेदला. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्यातून नऊ घरांची चौकट स्थिर झाली. तिच्या बरोबर मधले घर म्हणजे पूर्ण तटस्थ. निसर्गाचे पुजारी असलेल्या ‘ड्रुइड’ पात्रांना हेच घर सक्तीचे होते. घर बदलणे स्वस्तही नव्हते. १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकानुसार त्यासाठी कमावलेल्या अनुभवाची एक पायरी गमवावी लागे.

मग १९८९ ची दुसरी आवृत्ती आली आणि तराजूचे तत्त्वज्ञान अक्षरशः घेतले गेले. तिच्यातले उदाहरण असे: एक ड्रुइड तरसाच्या तोंडाच्या दुष्ट टोळीविरुद्ध स्थानिक सरदाराच्या बाजूने लढतो, पण टोळी नामशेष होण्याच्या बेतात आली की तो माघार घेतो किंवा थेट टोळीच्या बाजूला जातो. कागदावर हे सुसंगत आहे. टेबलावर मात्र या पात्राच्या शेजारी कोण झोपेल? काल ज्याच्या ढालीआड आपण उभे होतो, तो आज आपण जिंकत आहोत म्हणून उलटणार असेल, तर त्याचे तत्त्व आणि विश्वासघात यांत सोबत्याला फरक दिसत नाही. शिवाय तराजू समतोल ठेवायचा तर वाईटाचाही ठराविक साठा जपावा लागतो. त्या साठ्याची किंमत गावकरी मोजतात. तराजू धरणारा मोजत नाही.

या विचाराची सर्वांत सबळ बाजू मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांत सापडते. त्यांतल्या जगाच्या पूर्वेतिहासात इस्तार नावाच्या नगरीचा राजपुरोहित चांगुलपणाच्या नावाने लोकांच्या मनातल्या विचारांवरही पहारे बसवतो, शेवटी देवांनाच आज्ञा करू पाहतो आणि देव त्या नगरीवर जळता पर्वत फेकतात. येथे तटस्थतेला एक खरे काम आहे: स्वतःच्या चांगुलपणाबद्दल शंकाच न उरलेल्या सत्तेसमोर शंका जिवंत ठेवणे. पण लक्षात घ्यावे की हे काम करणारा बाजू घेतच असतो, माणसाच्या स्वतंत्र निवडीची.

नंतरच्या आवृत्त्यांनी तराजू हळूहळू बाजूला ठेवला. २००० साली ड्रुइडवरची सक्ती सैल झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नऊ घरांची पाच केली आणि तटस्थाऐवजी ‘कोणताही कल नसलेला’ असा वर्ग आणला. २०१४ साली नऊ घरे परतली, पण या वेळी दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या गेल्या. नैतिक वादांपासून दूर राहून त्या त्या वेळी योग्य वाटेल ते करणारा, तो तटस्थ. निवड करण्याची क्षमताच नसलेला पशू, तो कलविरहित. हा फरक महत्त्वाचा आहे. लांडगा निवड करीत नाही. तटस्थ माणूस न निवडण्याची निवड करतो आणि तिची जबाबदारी त्याच्यावर राहते.

आपल्या भाषेत हा भेद आधीपासून मुरलेला आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहात नाही, पण नदी सोडून गेलेलाही नाही. कौटिल्याच्या राजमंडलात ‘उदासीन’ राजा हा दुबळा किंवा बेफिकीर नसतो. तो इतरांहून बलवान असतो, म्हणूनच त्याच्या अलिप्त राहण्याला वजन असते. आणि महाभारतातला बलराम तर तटस्थ पात्राचा जवळजवळ आदर्श नमुना आहे. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे शिष्य. युद्ध टाळून तो तीर्थयात्रेला निघून जातो. परतल्यावर गदायुद्धात भीमाने नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर घाव घातला, तेव्हा हाच तटस्थ नांगर उचलून भीमावर धावतो आणि कृष्णाला त्याला आवरावे लागते. त्याची निष्ठा पांडवांवर नव्हती, कौरवांवरही नव्हती; ती गदायुद्धाच्या नियमावर होती. ती होती म्हणूनच तो पात्र म्हणून लक्षात राहतो. मात्र अठरा दिवसांच्या संहारात न उठलेला नांगर एका नियमभंगासाठी उठला, हा प्रश्नही त्याच्याबरोबर उरतोच.

तेव्हा हेराच्या त्या प्रसंगाकडे परत जाऊ. ‘तटस्थ’ लिहिणाऱ्या खेळाडूने आधी स्वतःला विचारायला हवे की आपले पात्र कोणत्या भांडणाबाबत तटस्थ आहे आणि कशाबाबत अजिबात नाही. जंगल, दिलेला शब्द, धाकटी बहीण, मठातली पुस्तके, काहीही चालेल. मग ड्रुइड म्हणू शकेल, “तुमचे युद्ध माझे नाही, पण जखमी जीव माझ्या जंगलात आला आहे, त्याला इथे कोणी मारायचे नाही.” आता सोबत्यांना तो कुठे थांबेल ते कळते, त्याच्याशी भांडताही येते. दुसऱ्या दिवशी तोच हेर निसटून शत्रूला वाट दाखवील, तेव्हा त्याचा हिशेब याच ड्रुइडला द्यावा लागेल, आणि सूत्रधार चांगला असेल तर तो ती वेळ नक्की आणील.