लिलावातला नातू आणि घरातली औषधांची पेटी

‘लिलाव’ या शब्दाला मागच्या पिढीच्या मनात फारसे चांगले स्थान नाही. कर्ज थकले, दारात बेलिफ आला, जमीन गेली, गुरे गेली, अशा हकिकतींमधून तो त्यांच्या कानी पडलेला असतो. त्यामुळे ‘तुमच्या नातवाचे नाव यंदा लिलावात आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले की, एखाद्या आजीचा चेहरा क्षणभर उतरतो. मग ‘विकला गेला’ हे शब्द पेढ्यांसह घरात येतात आणि तिला हसावे की काय करावे ते कळत नाही. माझ्या दवाखान्यात हा प्रसंग मी एकदाच नव्हे, अनेकदा पाहिला आहे. आजीचा तो संकोच मला अगदीच अडाणीपणाचा वाटत नाही. लिलावात बोली लागते ती शरीरावर, आणि शरीराविषयी चार गोष्टी विचारण्याचा हक्क घरातल्या वडीलधाऱ्यांना आहे.

ज्या खेळाविषयी मी बोलतो आहे तो आपलाच, हुतुतू म्हणून अनेक वाचकांनी लहानपणी मातीत खेळलेला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी त्याची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. आणि २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर त्याला प्रथमच मोठा पैसा मिळाला. आज लीगमध्ये बारा संघ आहेत. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाच्या हाती पाच कोटी रुपये होते, तर सर्वांत खालच्या श्रेणीतील खेळाडूची मूळ किंमत नऊ लाख होती. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरात नऊ लाख म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

जगात सर्वत्र बोलीच लावतात असे नाही. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल आपल्याकडच्या गल्ली-क्रिकेटसारखा घरोघरी खेळला जातो. तिथली व्यावसायिक लीग १९७५ साली सुरू झाली आणि १९८५ पासून ‘ड्राफ्ट’ची पद्धत आली. तीत नव्या मुलांना संघ पाळीपाळीने निवडतात, किमतीची चढाओढ नसते. आपल्याकडे हातोडा आणि आकडा आहे. मात्र दोन्हीकडे विशीच्या आसपासचा मुलगा आणि त्याचे घर निकालाची वाट पाहत जागे असतात, त्यात फरक नाही.

पुण्याच्या वाचकांना पुणेरी पलटणचा अस्लम इनामदार माहीत असेल. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा मुलगा २०२१-२२ च्या आठव्या हंगामात लीगमध्ये उतरला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतरच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. पुढच्या वर्षी तो परतला आणि पुन्हा कर्णधार झाला, हे आवर्जून सांगतो. दुखापत म्हणजे शेवट, ही समजूत घराघरांत अजून घट्ट आहे आणि दुखापत लपवण्यामागचे तेच मोठे कारण असते.

इतर उदाहरणेही डोळ्यांपुढे ठेवावीत. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईने २०१८ मध्ये पदार्पण केले आणि पुढच्याच लिलावात त्याच्यावर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. नंतर खांद्याने त्याला सतावले. पवन सेहरावतला २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजने दोन कोटी सव्वीस लाखांना घेतले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि उरलेले सर्व सामने त्याने बाहेरून पाहिले. हे तिघे नामवंत होते. त्यांच्यामागे संघ आणि फिजिओथेरपिस्ट उभे होते. ज्याचे नाव अजून यादीतच आहे, त्याच्यामागे बहुधा घराखेरीज कोणी नसते.

कबड्डीत गुडघाच का जातो? चढाईपटू वेगाने दिशा बदलतो, एका पायावर गिरकी घेतो, आणि नेमक्या त्या क्षणी कोपरारक्षक त्याचा घोटा किंवा मांडी धरतो. पाऊल जमिनीशी जखडलेले आणि धड वळलेले, अशा स्थितीत गुडघ्याच्या मधोमध असलेला पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. मातीत पाय थोडा सरकत असे. मॅटवर बूट घट्ट धरून राहतो. तुटताना पुष्कळांना ‘कट्’ असा आवाज आल्यासारखे वाटते आणि काही तासांतच गुडघा सुजतो. आठ-पंधरा दिवसांनी सूज उतरली की मुलगा चालू-फिरू लागतो, आणि घरातले समजतात की बरे झाले. खरी खूण पुढे दिसते. जिना उतरताना किंवा वळताना गुडघा ‘निसटतो’.

अशा वेळी आधी हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे, चोळून घेणे, गरम लेप लावणे हे सगळे होते आणि महिना निघून जातो. ताज्या, सुजलेल्या गुडघ्याला चोळू नये. त्याला विश्रांती द्यावी, बर्फाने शेकावे, पट्टी बांधून उंच ठेवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज वाटल्यास ते एमआरआय सांगतील. शस्त्रक्रिया झाली तर परतण्यासाठी सहसा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्याआधी मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. लिलावाची तारीख मात्र अस्थिबंधाला विचारून ठरत नाही, आणि म्हणून तो मुलगा दुखणे दाबतो.

दाबतो कशाने? इथे आजोबांच्या औषधांची पेटी येते, आणि या लेखात मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते याच पेटीबद्दल.

घरोघरी संधिवाताच्या गोळ्या असतात. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब ही नावे आमच्या ज्येष्ठ रुग्णांना पाठ असतात. नातू त्यातली एक घेतो, आजोबांनाही त्यात वावगे वाटत नाही. ‘मला उतार पडला, तुलाही पडेल’ हे प्रेमाचेच बोलणे आहे. वेदनाशामकाने दुखणे कळेनासे होते, इजा मात्र तिथेच राहते आणि मुलगा तिच्यावर भार टाकत राहतो. दुसरे असे की, किशोर आणि कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. वजन बसवण्यासाठी मुले स्पर्धेआधी एक-दोन दिवस पाणी तोडतात, जाड कपडे घालून धावतात, जेवण सोडतात. कोरड्या पडलेल्या शरीरात या गोळ्या गेल्या तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊन त्याला अचानक इजा होऊ शकते. सत्तरीच्या आजोबांना आम्ही ज्या धोक्याची सूचना देतो, तोच धोका विशीच्या पैलवानालाही असतो. लघवी गडद, थोडी, चहासारखी होऊ लागली तर ते दवाखान्यात येण्याचे कारण आहे. ग्लुकोजचे पाणी पाजून घरी थांबू नये.

याहून गंभीर प्रकार आजीच्या रक्तदाबाच्या गोळीचा. अनेक गोळ्यांत रक्तदाबाच्या मुख्य औषधाबरोबर लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते, हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे असली तर बहुधा तसेच समजावे. पायांवरच्या सुजेसाठी दिलेली फ्युरोसेमाइडही त्याच जातीची. एका रात्रीत किलो-दीड किलो वजन उतरते, हे मुलांना एकमेकांकडून कळते. ते वजन म्हणजे केवळ पाणी असते. त्याबरोबर क्षार जातात, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. शिवाय ही सर्व औषधे खेळाडूंसाठी बाराही महिने निषिद्ध आहेत, कारण ती लघवीच्या नमुन्यातली इतर द्रव्ये झाकू शकतात.

निषिद्ध औषधांच्या यादीत आपल्या घरातली आणखी काही नावे आहेत. मधुमेहाचे इन्शुलिन त्यात आहे. दम्यासाठी आणि संधिवातासाठी घेतलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्पर्धेच्या काळात चालत नाहीत. सांध्यात टोचलेले स्टेरॉइडही चालत नाही. आणि अगदी साधे वाटणारे खोकल्याचे औषध! आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असते, आणि तेही निषिद्ध आहे. आजीने मायेने पाजलेल्या दोन चमच्यांनी नातवाचे दोन वर्षांचे करिअर जाऊ शकते. नमुन्यात द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची, हा यातला मूळ नियम आहे; ते कोणी दिले, कोणत्या हेतूने दिले, हा नंतरचा प्रश्न. बंदी बहुधा दोन ते चार वर्षांची असते, आणि कबड्डीपटूचा बहराचा काळ तरी असा किती असतो? राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्था, म्हणजे नाडा, हिचे ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप मोबाइलवर मिळते. त्यात औषधाचे नाव घालून पाहता येते. आजारासाठी खरोखर गरज असेल तर आधी अर्ज करून उपचारासाठी सूट मागता येते. मुलगा ज्या डॉक्टरकडे जाईल त्यांना ‘मी स्पर्धात्मक खेळाडू आहे’ हे वाक्य त्याने प्रथम सांगावे. आम्हा डॉक्टरांना तपासताना ते दिसत नाही.

प्रथिनांच्या डब्यांविषयी एवढेच म्हणतो की, डब्यावर जे लिहिलेले नसते तेही कधीकधी आत असते. व्यायामशाळेतल्या कोणी दिलेला बिनबिलाचा डबा घरात ठेवू नये. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे, उसळी यांवर आपल्याकडे चांगली शरीरे तयार झालेली आहेत.

आता एक माहिती अशी, जी एमआरआयच्या यंत्राला देता येत नाही, फक्त घरातल्या ज्येष्ठांना देता येते. तरुण खेळाडूचा मैदानावर अचानक मृत्यू होतो तेव्हा पुष्कळदा हृदयाच्या स्नायूचा किंवा ठोक्यांचा आनुवंशिक दोष निघतो. तपासणीत आम्ही विचारतो, ‘घराण्यात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का?’ मुलगा ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला ठाऊक नसते. आजीला ठाऊक असते की थोरला दीर बत्तिसाव्या वर्षी विहिरीवर पाणी शेंदताना कोसळला होता, आणि तेव्हा लोक ‘बाहेरचे काही’ म्हणाले होते. हे सांगायलाच हवे. शिवाय धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, सोबत्यांच्या मानाने फार लवकर धाप लागणे, यांपैकी काही असेल तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी झाल्याखेरीज शिबिराला पाठवू नये. डोक्याला डोके आपटून मुलगा गोंधळला, तेच तेच विचारू लागला किंवा त्याला ओकारी झाली, तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरू नये. ‘पाणी मार आणि उठ’ हा मैदानावरचा जुना उपाय इथे घातक आहे.

बोली लागलीच नाही तर काय? यादीतल्या पुष्कळांच्या वाट्याला हेच येते. त्या संध्याकाळी शेजारपाजारचे फोन कमी होतात, मुलगा जेवत नाही, गच्चीवर जाऊन बसतो. सल्ला देण्याची घाई करू नये. ताट वाढून शेजारी बसावे, एवढे पुरते. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, सरावाला जात नाही, मित्रांना टाळतो, ‘मी ओझे आहे’ असे म्हणतो, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, तेही विलंब न लावता.

आणि बोली लागली, तर घरात एक निराळीच अडचण उभी राहते, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आजोबांना स्नानगृहापर्यंत नेणारा, आजीला डायलिसिसला घेऊन जाणारा, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवणारा तोच मुलगा असतो. तो शिबिर आणि हंगाम मिळून कित्येक महिने बाहेर जातो. मग ज्येष्ठ मंडळी आपले दुखणे झाकू लागतात. ‘डॉक्टर, पोराला कळवू नका, त्याचा सामना आहे,’ हे वाक्य मी पायाला जखम झालेल्या मधुमेही आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. जखम तीन आठवड्यांची होती. मुलगा गुडघा लपवतो आणि आजोबा पाय लपवतात. दोघांचाही हेतू एकमेकांना त्रास न देण्याचा. मधुमेह्याच्या पायाची जखम हंगाम संपेपर्यंत थांबत नाही, तशीच छातीतली कळ किंवा चालताना जाणारा तोलही थांबत नाही.

म्हणून करार हाती आला की, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांचा खर्च कोण करणार हे त्यात काय लिहिले आहे ते जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे. त्याच आठवड्यात आजी-आजोबांची तपासणी उरकावी. रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, पायांचे तळवे, चष्मा. एका कागदावर रोजच्या औषधांची नावे आणि वेळा, रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर लावावा आणि त्याचा फोटो नातवाच्या मोबाइलवर पाठवावा. औषधांची पेटी कपाटात कुलपात ठेवावी. किल्ली सुनेकडे असावी. आणि दर रविवारी फोन लावताना दोघांनी एकमेकांना खरे आकडे सांगायचे असे ठरवावे. नातवाने वजन आणि गुडघ्याची सूज सांगावी, आजोबांनी साखर.