संदेश कुणाचा, सभा कुणाची?

चीनमधल्या माणसाला तोंड नाही, असे आपण सहज म्हणून टाकतो. रोह्याचे माझे विद्यार्थीही तसेच म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. फेसबुक आणि ट्विटर तेथे २००९ पासून बंद आहेत. पण त्याच वर्षी वेईबो निघाले, २०११ मध्ये वीचॅट आले आणि कोट्यवधी माणसे त्यांवर रोज लिहितात. गटार तुंबले, मजुरी थकली, अधिकाऱ्याने लाच मागितली, सारे लिहितात. सत्ता त्यातले बरेचसे लिहूही देते. का देते, हा खरा प्रश्न आहे.

हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांचे सहकारी यांनी पुसला गेलेला चिनी मजकूर तपासून २०१३ मध्ये दाखवून दिले की, सरकारवरची कडवट टीका पुष्कळदा तशीच राहते. पुसला जातो तो माणसांना एकत्र रस्त्यावर आणू शकेल असा मजकूर. म्हणजे शिवी चालते, जमाव चालत नाही. शिवीतून वरच्याला खालच्या अधिकाऱ्याची खबर तरी मिळते! आणि ज्याला सत्ता अफवा म्हणेल त्याची धडगत नाही. वुहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या वर्गमित्रांच्या गटात नव्या आजाराचा इशारा दिला. चारच दिवसांनी पोलिसांनी त्यांच्याकडून ताकीदपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० ला ते त्याच आजाराने गेले.

तरीही माणसे वाट काढतात. २००७ मध्ये शियामेन शहराजवळ पॅराझायलीन या रसायनाचा कारखाना येऊ घातला होता. मोबाइलवरून संदेश फिरले आणि १ जूनला हजारो लोक रस्त्यावर उतरले. मोर्चा म्हटले तर बंदी. म्हणून त्यांनी त्याला ‘फेरफटका’ म्हटले. कारखाना हटला. येथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची मला अधिक महत्त्वाची वाटते. तो कारखाना गुलेई नावाच्या, मासेमारीवर जगणाऱ्या द्वीपकल्पावर गेला आणि तेथे २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये स्फोट झाले. शहरी मध्यमवर्गाचा संदेश पोहोचला. त्याचा बोजा कोळ्यांच्या दारात जाऊन पडला. धाटावच्या रासायनिक कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांना हे फोड करून सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. महामुंबई सेझच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला सार्वमत घ्यावे लागले. हातोहाती स्मार्टफोन येण्याआधीची ही गोष्ट. सभा, ठराव, मोर्चे यांच्या बळावर लोकांनी ते मिळवले आणि मला त्याचा अभिमान आहे. पण प्रश्न जमिनीचा, म्हणून मत जमीनवाल्याचे. दुसऱ्याच्या खाचरात राबणाऱ्या भूमिहीनाला आणि वाडीवरच्या कातकऱ्याला कोणी विचारले?

आज गावोगाव व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत. माझ्याही गावाचा आहे. त्यात ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ अशी कळ दाबून ठेवलेली. पालखीची वेळ कळते, वाढदिवसाच्या शुभेच्छा कळतात; बौद्धवाडीच्या नळाला आठ दिवस पाणी नाही, हे तेथे लिहिताच येत नाही. चीनमध्ये हे काम सरकार करते; आमच्याकडे ते एका बोटात उरकते, कायदा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले की, दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. ते योग्यच आहे. पण कुणाला घ्यायचे, कुणाला वगळायचे ही सत्ता त्याच्याच हाती उरते, आणि ती जुन्या चावडीचीच सत्ता आहे.

बरे, दार उघडे असले म्हणजे भागते काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी होती, भिक्षेकरी भटकी. अफवा मोबाइलवरून फिरली हे खरे; पण परक्या भटक्याकडे चोर म्हणून पाहण्याची नजर मोबाइलने दिलेली नाही. ती फार जुनी आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना महाड सांगतो. महाड आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाब्यातले. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ मध्येच झाला होता. कागद होता, पाणी नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह माणसे चालत गेली, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. ठराव, पावले आणि छापलेला शब्द, तिन्ही लागले.

गेल्या वर्षी माझ्या काही विद्यार्थिनींनी कोरड्या नळाचा फोटो काढून आपल्या वाडीचा वेगळा गट केला. मी म्हटले, फोटो छान आहे. आता अर्ज लिहा, ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. त्यांनी दिला. मग त्याच गटावर ग्रामसभेची तारीख टाकली. एरवी वाडीवरचे दोघे-तिघेच जात. त्या दिवशी बायकाच वीस-बावीस गेल्या. विषय इतिवृत्तात लिहिल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. नळाला अजून एक दिवसाआडच पाणी येते. पुढच्या ग्रामसभेसाठी त्यांनी जुन्या इतिवृत्ताची प्रत मागितली आहे, माहिती अधिकारात, दहा रुपयांचे तिकीट लावून.